संडासाची कडी

...नाही, पण मला सांगा, बायकांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून बैठक ठेवायची आणि दारातच खुर्ची टाकून बसणार कोण, तर कारखान्याचे साहेब? तुम्हाला सांगते, मी कुणाला घाबरत नाही. कॉलेजात स्त्रियांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भाषण ठोकून बक्षीस मिळवलंय मी, कलमं तोंडपाठ... पण साहेबांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं आणि मला पहिलं कलमसुद्धा आठवेना.

बैठक घ्यायला आल्या होत्या एका परदेशी संस्थेच्या पाहुण्या, देशोदेशी हिंडून बायकांना विचारतात, कामावर काही त्रास आहे का? आमच्या या कपडे शिवायच्या कारखान्यात इंग्रजी बोलणारी बाई मी एकटीच, म्हणून दुभाषी मी. सकाळी साहेबांनी जिन्यातच गाठलं, आवाज अगदी लोण्यासारखा, "ताई, तुम्ही शिकलेल्या. भाषांतर नीट करा हं. नीट." आता हे 'नीट' म्हणजे काय हो? माझी नोकरी कच्ची, धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर...

तर पाहुण्या विचारतायत, बायका माना डोलावतायत, छान आहे, सगळं छान आहे, आणि काजं करणारी मावशी उभी राहिली. "त्यांना सांग गं पोरी, संडासाला कडी नाही. एक आत गेली की दुसरीनं बाहेरून दार ओढून धरायचं. आणि तो सुपरवायझर नेमका तेव्हाच तिथे सिगारेट ओढायला येतो."

साहेबांची खुर्ची करकरली. मी कुणाला घाबरत नाही, पण तोंडातून निघालं काय? तर, "त्या म्हणतात, इथे बायका एकमेकींना फार सांभाळून घेतात."

पाहुण्यांना भरून आलं. मावशी माझ्याकडे बघत राहिली. "झालं? मी तर बरंच बोलले होते."

मग काय, मी डोळे मिटले आणि कडी, दार, सिगारेट, सुपरवायझर, सगळं एका दमात ओकून मोकळी झाले. डोळे उघडले तर साहेब हसतायत. "अहो, एवढंच ना? उद्याच बसवतो." ते हसणं बघून मला घाम फुटला.

आणि बसवली बरं का. बाहेरून.

साहेब म्हणतात, "कडी मागितलीत, कडी दिली." पाहुण्यांना फोटोही पाठवला, तिकडून आभार आले.

आता मावशी आत गेली की बाहेर मी उभी, कडीवर हात दाबून, कुणी लावू नये म्हणून. समोर सुपरवायझर, सिगारेट पेटवतोय, माझ्याकडे बघतोय... तुम्हाला सांगते, मी कुणाला घाबरत नाही. फक्त, मावशी, जरा लवकर आटपा.