सव्वाची जागा

ट्यूबच बदलावी लागेल बाई, पंक्चर काढून नाही भागायचं — आणि घाई कसली? मनोऱ्याच्या घंटाच ऐकायला आलात ना, मग बसा, मनोऱ्याच्या बुडाशीच तर दुकान आहे माझं. आत्ता बाराला वाजली ती सुरावट त्याचीच, श्यूर्ड तेर्प्स्ट्राची. थोर संगीतकार! चाळीस वर्षं तेच तीन स्वर उगाळतोय म्हातारा, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. अहो, आपले लोक कुणासाठीही उभे राहतात — कार्यक्रम संपला की बाहेर टांगलेला कोट घ्यायला आधी पळायचं असतं!

वर एक खोलीएवढं पिंप आहे, त्यावर खिळे. पिंप फिरलं की खिळे तारा ओढतात, घंटा वाजतात, दर पाव तासाला. काल जुने खिळे काढून नव्या सुरावटींचे बसवले — त्याच्या मर्जीने, आज बारापासून सुरू. तासाची स्वतःकडे ठेवली, अर्ध्याची दिली आलाइडला. वर्गात माझ्या शेजारी बसायची, माझ्याच रबराने खोडायची — हो, मी त्याचा विद्यार्थी. होतो. 'योरित, स्वर कमी कर. अजून कमी.' शेवटी म्हटलं, मग कोरा कागदच घ्या! तोंडावर टाकला आणि निघून आलो.

मागच्या आठवड्यात म्हातारा आला इथे, चाकात हवा असताना हवा भरायला. म्हणे, 'सव्वाची तुझ्यासाठी ठेवलीय.' भीक! म्हटलं, तुमच्या लाडकीला द्या. टांग मारून गेला. मग काय, सव्वालाही तिचेच खिळे ठोकले असणार. काल चार वेळा वर गेली ती — पाळत कसली, दार उघडंच असतं दुकानाचं! मी एक ओळ लिहिली नाही. म्हणजे लिहिली, खोडली, परत — ते साखळ्यांखाली आहे तेच — हात नका लावू, तेल लागेल! आणि बाराची... चांगली होती हो, मेल्याची. कुठे थांबायचं ते कळतं त्याला. मला कधीच —

थांबा. सव्वा. पिंपाची घरघर ऐकू येतेय? फिरतंय. आता ऐका बाईसाहेबांची करामत...

घंटा कुठेत?

फिरतंय की नुसतं. खिळाच नाही एक. बघा, अख्खा बाजार माना वर करून — मासेवाल्याने सुरी उचललीय, तशीच धरलीय...

रिकामी ठेवली. थेरड्याने रिकामीच ठेवली.

उठा बाई. दुकान बंद. सायकल उद्या न्या. नाही, आत्ता नाही, उठा — आणि साखळ्यांखालचा तो कागद तेवढा द्या इकडे.