बटणांचं तेरावं

हसू नका, पण जुने लष्करी कोट जमवायचा नाद माणसाला रडवतो. संस्थानं विलीन होत होती तेव्हाची गोष्ट. शेजारच्या संस्थानाच्या घोडदळातले एक म्हातारे दफेदार इथं आमच्या शनवारा मोहल्ल्यात लेकीकडे राहायला आले होते. त्यांच्याकडे आजोबांचा कोट होता. कोटाचा खरेपणा बटणांवर ठरतो, कापड काय कुणीही विणेल. आणि याची राजाची छाप असलेली पितळी बटणं नऊच्या नऊ शाबूत! मी बजावलं, "दफेदारसाहेब, याला धुऊ नका, उन्हात घालू नका, सुई लावू नका. शाळेला सुटी लागली की येतोच."

गेलो. कोट धुतला नव्हता, उन्हात घातला नव्हता. फक्त बटणांच्या जागी नऊ तुटके दोरे लोंबत होते.

"बटणं कुठंयत?"

"राजघाटावर तापीत सोडली, मास्तर."

"अहो, का?"

"सही झाली, फौज मोडली, राज्य गेलं. मेल्याच्या अस्थी घरात ठेवतात काय?"

मी पायरीवर मटकन बसलो. "मी एवढं बजावलं होतं हो!"

"तुम्ही सुई लावू नका बोलले होते. मी कात्री लावली."

मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मला हाताला धरून उठवलं. "बरे आलात. आज तेरावं आहे. पानावर बसायला घरचं कोणी तयार नाही. तुम्ही तरी दोन घास खाऊन जा."