कानातल्या करंज्या

विजया : हात मागे घ्या. मागे! ट्रे बाहेर येईपर्यंत कुणी काही शिवायचं नाही.

दिलीप : मी नुसता वाकून बघत होतो. ओव्हनमध्ये करंज्या फुगतात का ते.

देवश्री : काका, त्या करंज्या नाहीत हो. इयररिंग्ज आहेत. पॉलिमर क्ले भाजला की कडक होतो, फुगत-बिगत नाही. मी तर सगळ्यांना पान शिकवलं होतं. काकूंनी ते दुमडलं आणि वरून मुरड घातली.

विजया : काय करू बाई, माझ्या हाताला पान येत नाही. करंजी येते. येत होती.

दिलीप : शिवाय हाताला लावायला तूप मागितलं.

देवश्री : सच्ची काकू, माझ्या क्लासमध्ये आजपर्यंत कुणी तूप नाही मागितलं!

विजया : चिकटत होती ना माती. हसा खुशाल. यांनी पेंडंट म्हणून जे केलंय, ते आधी बघ. भजं आहे. दोरीत ओवलेलं भजं.

देवश्री : तुम्ही दोघं का नाही गेलात खायला? बाकीच्या सगळ्या टावर चौकात चाट खायला पळाल्या.

विजया : मला निकाल बघायचाय.

देवश्री : कसला निकाल?

दिलीप : विजया, राहू दे ना.

विजया : का राहू दे? चोरी केलीय का मी? सांगते गं. माघात मला झटका आला. हा उजवा हात गेला. म्हणजे आहे जागेवर, पण माझं ऐकत नाही. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. फुलोरा बघितलायस?

देवश्री : मावशीकडे बघितलाय. महालक्ष्म्यांच्या वर टांगतात तो?

विजया : तोच. करंज्या, वेण्या, फण्या, सगळं हातानं घडवून तळायचं. घरच्या सुनेच्या हातचं लागतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मीच करतेय. यंदा दीर म्हणाले, वहिनींना त्रास नको, महालक्ष्म्या आमच्याकडे देवासला बसू देत, सुलू करेल फुलोरा. सुलू म्हणजे माझी धाकटी जाऊ.

दिलीप : तो काही वाईट मनानं नाही म्हणाला.

विजया : वाईट मनानं म्हणाले असते तर भांडले असते. चांगल्या मनाशी कसं भांडू? आज त्यांना उत्तर द्यायचंय. म्हटलं, आधी हाताला विचारू. घरी कणीक घेऊन बसले तर हे दारात उभे, डोळ्यांत पाणी आणून.

दिलीप : कांदा चिरत होतो मी.

विजया : दारात?

देवश्री : चलो, झालं बघा. सरका जरा, गरम आहे.

(देवश्री ट्रे बाहेर काढून टेबलावर ठेवते.)

देवश्री : अरे वा, काकू! ही बघा, काय सफाईदार आलीय! आणि ही दुसरी... ही पण छान. जरा घरगुती.

विजया : थांब. ही सरळ कुणी केली?

देवश्री : तुम्हीच ना?

विजया : सकाळी माझी मुरड सारखी तुटत होती. शेवटी कशी झाली तेही न बघता ठेवली आणि हात धुवायला गेले. अहो, तुम्ही इथेच बसला होतात.

दिलीप : बसलो होतो.

विजया : हात लावलात?

दिलीप : लावला. पण ऐक तरी...

विजया : झालं! म्हणजे मी तुमची करंजी दाखवून सुलूकडून महालक्ष्म्या मागून घेणार होते. कुणी कीव करायला नको म्हणून हा एवढा जिना चढून आले, तर कीव माझ्याच शेजारी ऑटोत बसून आली. चला घरी.

दिलीप : विजया, मी केलेली ती नाही. ही आहे. वाकडी.

विजया : कुठली?

दिलीप : ही घरगुती. तू गेलीस, मी तुझी एक उचलून बघितली, ती हातातून खाली पडली आणि मीच खुर्ची सरकवली तिच्यावर. पार पापड झाला. मग तुझी दुसरी बघून बघून तशीच करायला गेलो. घाम फुटला मला.

विजया : खोटं. खामखा माझं मन राखू नका.

देवश्री : एक मिनिट, काकू. दोन्ही उलट्या करा. मी ओरडून सांगते, मागचे ठसे पुसा, कुणी पुसत नाही. काका, अंगठा दाखवा. ही आडवी रेघ कसली?

दिलीप : डब्याच्या दारात सापडला होता. रेल्वेतला माझा पहिला पराक्रम.

देवश्री : मग झालं तर. वाकडीवर रेघ उमटलीय. सरळवर रेघबिघ काही नाही, आणि अंगठाही लहान आहे. काकू, लावून बघा तुमचा उजवा.

विजया : चष्मा द्या हो.

दिलीप : हा घे. डोक्यावरच होता तुझ्या.

विजया : बसतोय.

देवश्री : बघा! पक्का तुमचाच.

विजया : बसतोय गं. अगदी बसतोय. अहो, मग सकाळीच का नाही सांगितलंत?

दिलीप : मला वाटलं, कळणार नाही. मला तर माझी छान झालीय असं वाटत होतं.

विजया : ही? छान?

दिलीप : तू हसू नकोस. हिला हसू दे, तू नको.

विजया : पण एका करंजीला अर्धी सकाळ गेली माझी. फुलोऱ्याला ढीग लागतो.

दिलीप : मी असतो की रिकामा.

विजया : सुनेच्या हातचा लागतो, म्हटलं ना.

दिलीप : मग सून करेल तेवढं करेल. उरलेलं सुनेच्या हाताखालच्या माणसानं केलेलं. महालक्ष्म्या काय उलट्या करून ठसे बघणार आहेत?

विजया : सुलू बघेल.

दिलीप : तिला म्हणावं, बघायला ये. देवास काय लांब आहे.

विजया : लावा फोन. भाऊजींना सांगा, महालक्ष्म्या उज्जैनलाच बसतील.

दिलीप : आणि फुलोऱ्याला कोण बसणार, विचारलं तर?

विजया : आम्ही दोघं म्हणा. आणि फोन डाव्या हातात धरा. उजवा इकडे द्या, अंगठा कसा वळवायचा ते दाखवते.