काढा बिल्ल्याने प्यायला होता का?

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे विश्वस्त भिमाजीअण्णा, आजचे सत्कारमूर्ती, एक्स-रे विभागाचे निवृत्त होणारे प्रमुख डॉ. रंगनाथ देवरे सर, व्यासपीठावरची मोठी मंडळी, आणि समोर सामोशांची वाट बघत बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी सार्थक. डार्करूममध्ये एक्स-रेच्या फिल्म धुतो. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं? नोकरी लागली म्हणून, असं घरी सांगितलंय. खरं कारण तिसऱ्या रांगेत बसलंय आणि आत्ता माझ्याकडे डोळे वटारून बघतंय. असो.

मानपत्र आत्ताच ऐकलंत. सरांनी काळ्या द्राक्षांच्या सालीबिया आणि आवळा उकळून काढा केला. वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट किरणांपासून आपलं रक्षण करतात, हे म्हणे सिद्ध केलं. नाशिकात द्राक्षांना काय तोटा! दोन वर्षं आमचा विभाग रोज सकाळी पेला रिचवतोय. आणि किरण अडवणारा शिशाचा अप्रन फाटला, तर सरांनी तो भंगारात दिला, नवा मागवलाच नाही. "आता कवच आतून आहे," म्हणाले. आपण टाळ्या वाजवल्या!

पुरावा काय? छातीवरचे बिल्ले. अंगाला किती किरण लागले ते मोजायला ते दर तीन महिन्यांनी मुंबईला जातात. काढा सुरू झाला आणि आकडा शून्यावर आला. सरांनी आलेख काढला, परिषदेत मिरवला. अहो सर, काढा प्यायल्या आमच्या टेक्निशियन उज्वला मॅडम. बिल्ला लावायचा कोटावर. मग आकडा बिल्ल्याचा कसा उतरला? त्यालाही पेला पाजला होतात का?

मी पँट्रीत काढा वाटणाऱ्या लंकाबाईंना विचारलं. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आरं, सायबाचा काढा लय लाल हाय. बिल्ल्यावर डाग पडत्यात. म्हनून समद्यांचे बिल्ले मीच खिळ्याला लावून ठेवते. मुंबईला पाठवायचे तवा पुसून देते."

ऐकलंत? दोन वर्षं सरांनी पँट्रीतल्या खिळ्यावर संशोधन केलं. अभिनंदन!

आमच्या विभागातले मयूरभाऊ, हसू नका. उंदरांवरचे प्रयोग मीही वाचलेत. काही वनस्पतींनी त्यांच्या पेशींचं नुकसान थोडं कमी झालं, खोटं नसेल. पण अप्रन टाकून द्या, असं त्यात एका ओळीतही लिहिलेलं नाही.

रडणारं मूल टेबलावर धरतं कोण? तिसऱ्या रांगेतल्या उज्वला मॅडम. अप्रनशिवाय, दोन वर्षं. त्यांना किती किरण लागले, ते आता मुंबईही सांगू शकत नाही. त्या फिल्म मीच धुतो. मुलाच्या बरगड्यांशेजारी त्यांच्या बोटांची हाडं उमटतात. करंगळी जराशी वाकडी आहे. मला पाठ झालीय.

काल त्यांना म्हणालो, उद्यापासून मूल मी धरतो. तर म्हणाल्या, "येड्या, आणि मग तुझी बोटं मी बघत बसू का?"

त्यांचं बरोबर आहे. म्हणून अण्णा, सगळ्यांसमोर सांगतो. नवा अप्रन येईपर्यंत मी डार्करूममध्ये फिल्मची एकही कॅसेट भरणार नाही, म्हणजे एक्स-रे निघणारच नाही. नोकरीवरून काढायचं तर खुशाल काढा, पण मग माझ्या जागी येणाऱ्यालाही हेच सांगून जाईन.

बोलू दिलंत, आभारी आहे. सरांना उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या वयाचा मान माझ्याकडून राहिला नसेल, तर तेवढ्यापुरती क्षमा मागतो. बाकीच्याची नाही.