दोन वाक्यांची विहीण

अरे, दादाच्या होणाऱ्या सासरची माणसं साखरपुड्याची तारीख ठरवायला नाहूरला आमच्याकडे आली होती. ती इंग्रजी बोलणारी, असं आईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून आठवडाभर मी तिच्याकडून कौतुकाची दोन वाक्यं घोटून घेतली.

दारातच आई विहीणबाईंना म्हणाली, “यू आर ड्रेस्ड टू द नाइन्स!”

त्या तयारच होत्या. “यू लुक लाइक अ मिलियन डॉलर्स!”

आईचं दुसरं वाक्य नेमकं तेच होतं. दोघी एकमेकींकडे बघत नुसत्या माना डोलवत राहिल्या.

होणारी वहिनी माझ्या कानात म्हणाली, “माझ्या आईला मी दोनच शिकवली होती यार. तीच दोन.”

शेवटी आई घरच्या मालवणीत म्हणाली, “बसा, पंखो मोठो करतंय.”

विहीणबाईंनी पदराने घाम पुसला. “गाव खंयचो तुमचो?”

गावच्या गप्पांत तारीख ठरवायची राहूनच गेली.