विलासभाऊची ओवाळणी

मला भाऊ नाही, तिथनंच लिहायला घ्या. मालवणाकडचं आमचं गाव, आम्ही तिघी बहिणी, भाऊबीजेला शेजारीपाजारी पाट मांडले जायचे आणि आमची आई आम्हाला अंगणात उभं करायची, ओवाळा गो चंद्राक, तोच तुमचो भाव. बीजेची कोर ती, दिसते न दिसते तोच माडांमागं जाते. लग्नात आईनं मला फणसाच्या लाकडाचा पाट दिला, म्हणाली, कोण ना कोण बसतलो. मी भांडुपला आले, टेकडीवरच्या चाळीत, पाट भिंतीला टेकून उभा, आणि मी आपली दर वर्षी चंद्राला ओवाळत. नवरा थट्टा करायचा, तुझा भाऊ लांब राहतो बाय, साडी कधी पाठवणार.

मग त्याची गिरणी बंद पडली आणि मी मुलुंडला कामाला लागले. विलास नावाचा माणूस, बंगल्यामागं पत्र्याची शेड, तिच्यात कुत्री पाळायचा, पिल्लं विकायचा. पांढरी, केसाळ, पामेरियन म्हणतात ना, तेव्हा ज्याला त्याला तेच हवं असायचं. मी शेड धुवायची, कुत्र्यांचा भात शिजवायची. पहिल्याच दिवाळीला त्यानं विचारलं, भाऊबीजेला गावी जात नाहीस? मी म्हटलं भाऊच नाही, तर म्हणतो कसा, मला बहीण नाही, मी येतो. आणि आला हो! स्कूटर खाली लावून टेकडी चढून आला, आईच्या पाटावर मांडी घालून बसला, मी ओवाळलं, त्यानं तबकात साडी ठेवली, अख्खी चाळ दारात जमलेली. काय सांगू तुम्हाला, आनंदानं मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून दर वर्षी यायचा. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला ताई, माझ्याहून मोठा असून.

पण शेडमध्ये काय चाललंय ते मला दिसत होतं ना. आंब्याच्या पेट्यांना जाळी ठोकून केलेले पिंजरे, आत कुत्रीला वळता यायचं नाही, पायांना जखमा, वर पत्रा तापलेला. माजावर आली की लावली, व्याली की पिल्लं उचलली, परत लावली. त्यातली राणी म्हणून एक, पार थकलेली, दात पडलेले, ती माझा पदर तोंडात धरून बसायची, मी जाऊ नये म्हणून. माझा जीव होता तिच्यावर. मी म्हणायची, भाऊ, हिला सोडा आता, पुढच्या खेपेला मरेल ही. तो म्हणायचा, ताई, धंदा आहे हा, तू भात बघ.

शेवटी कुणीतरी तक्रार केली. प्राण्यांच्या सोसायटीची माणसं आली, पोलीस आले, कुत्री उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेली आणि केस झाली, त्याच्यावर आणि माझ्यावर, दोघांवर. तारखेच्या आधी विलासभाऊ घरी आला. सण नाही, काही नाही, आपल्या हातानं पाट ओढला आणि बसला. म्हणाला, ताई, एवढी वर्षं ओवाळणी मी घातली, आज तू मला घाल. मग कळलं, मागं एकदा त्याला ह्याच कायद्यात दंड झाला होता, आता पुन्हा गुन्हा ठरला तर तुरुंग, वर कुत्री काढून घेतील. तुझी पहिलीच खेप, म्हणाला, पन्नास रुपये दंड, तोही मी भरतो, तू फक्त सांग की कुत्र्यांचं सगळं मीच बघायचे, हेळसांड माझ्याकडनं झाली. मग म्हणाला, आणि राणी तुझी, कोर्ट सुटलं की घेऊन जा. नवरा दारातनं म्हणाला, ह्यो तुका बुडवतलो. पण पाटावर बसून मागतोय हो, भाऊ मागतोय, नाही कसं म्हणू? आणि राणी.

कोर्टात मी हो म्हटलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, कुणाच्या दबावाखाली बोलत नाही ना बाई, मी म्हटलं नाही. ते म्हणाले, मुकी जनावरं ती, लाज नाही वाटली? कायद्यात जास्त बसत नाही म्हणून पन्नास रुपयांवर सुटताय. मी मान खाली घालून ऐकलं. विलासभाऊ सुटला. मग साहेब म्हणाले, कुत्री मालकाला परत करा, आणि ह्या बाईच्या ताब्यात पुन्हा एकही जनावर देऊ नका. साहेब, राणी माझी आहे, मी ओरडले, तर शिपायानं बाहेर काढलं.

बाहेर त्याचा वकील हसत त्याला म्हणतोय, बघा, मी सांगितलं होतं तसंच झालं, तिचा गुन्हा, कुत्री तुमची तुमच्याकडे. सांगितलं होतं! म्हणजे माझ्या घरी, माझ्या आईच्या पाटावर बसून राणी तुझी म्हणाला, तेव्हा त्याला ठाऊक होतं की तिला माझ्या हातात कधीच देणार नाहीत. मी त्याच्याकडं बघितलं. म्हणतो, कायद्यापुढं मी काय करणार ताई, आणि आता तुला शेडमध्येही ठेवता येणार नाही. गेलं काम. चाळीत पोरं मला कुत्रेमारी म्हणायला लागली, ओवाळताना दारात जमलेली तीच चाळ.

आणि निलाजरा माणूस, त्या भाऊबीजेला परत आला, साडी घेऊन, बसला पाटावर. मी विचारलं, राणी कशी आहे? म्हणाला, गेली गं, विताना गेली, पिल्लं मात्र झकास निघाली. निरांजन लावलं, तबक उचललं, त्याच्या समोरनं बाहेर गेले. पवईच्या डोंगरावर कोर टेकली होती, तिला ओवाळलं आणि ती बुडेपर्यंत तिथंच उभी राहिले. आत आले तर पाट रिकामा, साडी ठेवून गेलेला.

ती साडी मी जिन्याखाली अंथरली. चाळीतली एक भटकी कुत्री तिथं व्यालीय, तिला भात घालते मी. कुणी माझ्या ताब्यात दिलेली नाही, आपली आपण आलीय, मग कोर्टाला काय सांगायचंय?

तुम्हाला भाऊ आहे ना? सुखात राहो बिचारा. विलासचं वाईट होवो असं माझ्या तोंडून यायचं नाही, ओवाळलंय त्याला. पण पाट मी फोडला आणि बंबात घातला. आईचा होता हो, फार रडले मी.