पहिलं बाळंतपण माहेरचं

फोन लागत नव्हता. सुनेचे, कमलाचे, दिवस भरलेले, ती तिकडे मॉरिशसला आईकडे, वादळ बेटावर येऊन आदळलंय असं टीव्हीवर सांगितलेलं, आणि इकडे साउथहॅम्प्टनला माझा मुलगा श्रीकांत जिन्याखालच्या फोनपाशी उभा राहून सकाळपासून नंबर फिरवतोय, फिरवतोय, आणि पलीकडून नुसती घरघर. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तो म्हणाला, आई, तू बस जरा. मी नाही बसले. तेव्हा माझ्या मनात काय होतं सांगू का तुला? लोकांना वाटतं मी देवाचा धावा करत असेन. तो करतच होते. पण त्याच्या खाली दुसरं होतं, ते हे की कमलाच्या उशाशी आत्ता तिची आई बसली असेल, मी नाही. वादळात का होईना, जागा त्या बाईने पटकावली. टेपवर येतंय ना? येऊ दे, मला काही लाज नाही.

मी मूळची देवगडकडची. शाळा चौथीपर्यंत, मग आई गेली आणि पाठची भावंडं माझ्या अंगावर पडली, ती न्हाऊमाखू घालूनच माझे हात तयार झाले. लग्न होऊन ठाण्याला आले. श्रीकांतचे वडील कारखान्यात होते, ते लवकर गेले, तेव्हा श्रीकांत शाळेत. मग मी काय करणार, मला जे येत होतं ते केलं. लोकांच्या घरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जायची. अंग रगडायचं, बाळाला तेल लावायचं, पायावर घेऊन गरम पाणी ओतायचं, धुरी द्यायची, बाळाला दुपट्यात घट्ट बांधून आईच्या कुशीत द्यायचं आणि पुढच्या घरी जायचं. वकिलाची पोरं, मास्तरची पोरं, सगळ्या ठाण्याची पोरं माझ्या पायावरून गेली. दुसऱ्याचं पोर कितीही गोजिरं असलं तरी दुपटं बांधलं की आपलं नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, एक दिवस श्रीकांतचं पोर ह्या पायांवर घेईन, आणि ते पोर दुसऱ्या कोणाच्या कुशीत द्यायची घाई नसेल. एवढीच इच्छा, दुसरी नाही. बंगला नको, तीर्थयात्रा नको.

श्रीकांत डॉक्टर झाला, इथल्या हॉस्पिटलात लागला, ऐंशीनंतर कधीतरी मला घेऊन आला. थंडीत माझे हात फुटले ते फुटलेच. आणि मग त्याने लग्न ठरवलं, वॉर्डातल्या नर्सशी. मी विचारलं कुठली? म्हणाला, मॉरिशसची, पण मराठी आहे. मी म्हटलं, मॉरिशसला कसले आले मराठी. तर होते म्हणे. कमलाच्या पणज्याला उसाच्या मळ्यात काम करायला आपल्या कोकणातूनच बोटीत घालून नेलेलं. चार पिढ्या झाल्या, गणपती बसवतात, आरत्या म्हणतात, आणि आपसात फ्रेंचसारखं काहीतरी बोलतात.

लग्नाला तिची आई आली, जानकीबाई. बुटकी, रापलेली, हातात लाल काचेच्या बांगड्या, आणि काय सांगू तुला, ती मराठी बोलायला लागली तर माझ्या आजीसारखी. मी मुंबईकडे राहून विसरलेले शब्द ती बोटीपलीकडून घेऊन आलेली. मला ते आवडलं नाही. श्रीकांत तर तिच्याभोवतीच. तिने मासळीचं कालवण केलं, हा बोटं चाटत म्हणतो, आई, अगदी तुझ्यासारखं. मी म्हटलं, माझ्यासारखं आहे तर माझं का नाही खात. जानकीबाई हसल्या. म्हणाल्या, विहीणबाई, मुलगी दिली ती तुमची, मग मुलाने दोन घास माझे खाल्ले तर तुमचं काय गेलं? बोलायला पटाईत. एका बाबतीत मात्र मी वरचढ होते. तिचा उजवा गुडघा गेलेला. मी वयाने थोरली, पण घरातला जिना धडाधडा चढायची आणि ती कठडा धरून एक-एक पायरी. मला बरं वाटायचं बघून. उगाच वर काहीतरी विसरल्यासारखं करून मी तिच्यासमोर दोनदा चढायची.

कमला स्वभावाने चांगली, पण जरा वारा सुटला की बाथ भरून ठेवायची. इथल्या वाऱ्याला कोण विचारतं? ही मेणबत्त्या काढणार, काड्यापेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणार, बागेतल्या खुर्च्या आत आणून एकात एक घालून दोरीने आवळणार. शेजारची गोरी पोलीन कुंपणावरून हसायची, म्हणायची, युद्ध लागलंय का? कमला सांगायची, आमच्याकडे रेडिओवर एक नंबरची सूचना आली की आई पाणी भरते, दोन नंबरला छपराच्या पत्र्यावर दगड ठेवते आणि खिडक्यांना फळ्या ठोकते, तीन नंबरला आम्ही सगळे दगडी शाळेत. वादळानंतर गावात आधी काय संपतं माहितीये का आई? पाणी नाही, खिळे. मी ऐकायची. आई अशी, आई तशी. म्हटलं, तुझी आई वादळाला घाबरत नाही, मग विमानाला का एवढी घाबरली होती? तर म्हणते, विमानाला दगड ठेवता येत नाहीत ना.

आता मूळ गोष्ट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बायका जमल्या होत्या, लेलेवहिनी वगैरे, डॉक्टरांच्या बायका. कमलाने तिळगूळ डाव्या हाताने दिला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, काय करणार, बेटावरची माणसं, रीत कुठून कळणार. तिने पुढचा तिळगूळ उजव्या हाताने दिला. पुढल्या वर्षी तिला दिवस राहिले. मी डिंक आणला, अळीव आणले, ठाण्याहून बाळंतकाढ्याची पुडी मागवली, पाय चोळून ठेवले म्हण ना. तर एक दिवस जेवताना ही शांतपणे म्हणते, आई, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? रीत आहे ना? संध्याकाळी जानकीबाईंचा फोन. विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरचं, विसरलात की काय? तुमच्या ठाण्यात काय पद्धत आहे?

श्रीकांत म्हणाला, आई, ती तारीख तिकडच्या वादळाच्या दिवसांत येते, तू सांग तिला, तुझं ऐकेल. मी कोणत्या तोंडाने सांगू? बायकांसमोर रीत-रीत करणारी मीच. आणि खरं सांगते, मी अडवलं असतं तर ते वादळाच्या भीतीने नव्हे, ते पोर माझ्या पायावर यावं म्हणून, आणि हे कमलाच्या लगेच लक्षात आलं असतं. मग मी लाडवांचा मोठा डबा भरून दिला, डिंकाचे, सुंठ घालून, आणि बजावलं, हे बाळंतिणीचे आहेत, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. विमानात घेतात तोवर तिला पाठवलं. श्रीकांत रजा घेऊन तारखेला जाणार होता. वादळ आधी आलं, विमानतळच बंद झाला.

तर फोन लागत नव्हता. बरेच दिवस नाही लागला. श्रीकांत दाढी न करता हॉस्पिटलला जायचा. टीव्हीवर एकदाच दाखवलं, उसाचे मळे झोपलेले, पत्रे झाडांवर अडकलेले, आणि मग लगेच फुटबॉल. लेलेवहिनींनी इथल्या मराठी मंडळातर्फे मदत गोळा करायला घेतली. हॉलमध्ये टेबलं मांडली, लोकांनी आणून ओतलं. काय काय आणलं म्हणशील, लोकरीचे कोट, बर्फात घालायचे बूट, हातमोजे, कानटोप्या. लेलेवहिनी म्हणाल्या, भावना बघा हो लोकांची. मी म्हटलं, भावना ठीक आहे, तिथे घामाच्या धारा लागतात. ताडपत्री पाठवा, दोर पाठवा, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या पाठवा. आणि खिळे. वादळानंतर आधी खिळे संपतात. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणाल्या, मावशींना केवढं ठाऊक आहे. ते जानकीबाईंचं होतं. मी त्यांचं नाव घेतलं नाही, का घेऊ? मग कानटोप्या बाजूला काढून मी दिवसभर खिळ्यांच्या पुड्या बांधत बसले, एका पुडीत एक खिडकी ठोकून होईल एवढे. जहाज कंपनीच्या माणसाने खोकी जागेवर तपासली, हे कसलं म्हणून विचारलं, मी सांगितलं, छप्पर.

फोन आला तेव्हा मी घरी एकटीच होते, दुपारची. कमलाचा आवाज, लांबून. आई, मुलगी झाली. मी विचारलं, बरी आहेस? म्हणाली, बरी आहे. बाळ? बरं आहे. मग मी पुढचं काय विचारलं असेल? विचारलं, आंघोळ कोण घालतं? म्हणाली, सुईण. मी म्हटलं, सुईण का, तुझी आई काय करते, दे तिला फोन. ती म्हणाली, श्रीकांतला सांगा, मुलगी झाली. आईचं नाव टाळलं, त्यातच मला कळलं.

पुढचं कमलाने इथे आल्यावर सांगितलं. तीन नंबरची सूचना लागली तशी जानकीबाईंनी घर बांधून काढलं आणि हिला शाळेत नेलं, सगळा गावच तिथे. माझा लाडवांचा डबा घेतला होता बरोबर. पोरं रडायला लागली तेव्हा तो उघडून सगळ्यांना वाटला. बाळंतिणीचे लाडू, मी बजावलेलं असताना. कमला म्हणाली, आई, एक-एक घासच आला सगळ्यांना. असो. वाऱ्यात हिच्या कळा सुरू झाल्या, आणि बाळ आडवं. तिथे बघणारं कोणी नाही, सुईण कालव्यापलीकडे आपल्या घरात अडकलेली. आणि एकदम शांत झालं. वादळाच्या पोटात तशी शांतता असते, ऊनसुद्धा पडतं, मग उलट्या दिशेने वारा येतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट. त्या गावात शेंबडं पोरही त्या वेळात बाहेर पडत नाही. मास्तर दारात आडवा झाला. जानकीबाई म्हणाल्या, बाजूला हो रे, मी तुझ्या आईला ओळखते. आणि गेल्या. सुईणीला उठवलं, निघाल्या. परतताना वारा सुटायला लागला, तेव्हा, सुईण सांगते, जानकीबाई तिला म्हणाल्या, तू पळ पुढे, माझ्या गुडघ्यासाठी थांबू नकोस, पोरगी वाट बघतेय. सुईण पोचली. तिने बाळ फिरवलं, कमलाला मोकळं केलं. जानकीबाई दुसऱ्या दिवशी कालव्याच्या कडेला सापडल्या.

ऐकलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, जेवण गेलं नाही. पण त्याच्या मागोमाग दोन गोष्टी मनात आल्या. एक, आता जानकीबाईंपुढे माझा निभाव लागणार नाही, मेलेल्या बाईशी कोण स्पर्धा करणार. आणि दुसरी, की माझे गुडघे धड होते. मी असते तर मी गेले असते आणि परतही आले असते. हे मी आजवर कोणाला बोलले नाही.

त्यानंतर सगळं मला मिळालं. कमला पोरीला घेऊन आली, मी बाथमध्ये पाट टाकून तिला पायावर घेतलं, तेल लावलं, रोज, वर्षभर. लाडू नवे केले. कमलाचंही अंग रगडलं, ती रडायची तेव्हा जास्त जोरात रगडायची. मी मनात सुमन नाव धरलं होतं. बारशाला नाव ठेवलं जानकी. श्रीकांतने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, ठेवा, दुसरं काय ठेवणार.

आता ती पहिलीत आहे. मराठी मोडकं बोलते, आजी, तो गोष्ट सांग ना, म्हणते. तो नाही ग, ती. तर म्हणते, ती शाळेचा गोष्ट. रोज तीच पाहिजे. कमलाला सांगवत नाही, म्हणून मलाच सांगावी लागते, माझ्याच तोंडाने, लाल बांगड्या, मास्तर दारात आडवा, बाजूला हो रे, सगळं. ज्या बाईने हिला एकदाही हातात घेतलं नाही तिची ही नात, आणि माझ्या पायावर वाढली. जरा वारा सुटला की जाऊन बाथचा नळ सोडते. मी बंद करत नाही, वाहू दे.

मग विचारते, आणि मग आजी? मग काय. शाळेतली सगळी माणसं वाचली, मास्तर वाचला, सुईण वाचली, तुझी मम्मी वाचली, तू वाचलीस. एक जानकीबाई तेवढ्या गेल्या.